उभी फावडी

१

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मालू रोज आईबरोबर मिठागरावर जाऊ लागली. आई, हौसा, कासोटा आवळून चिखलात उतरायची आणि मालू काठावर थांबायची. चिखलात पाय घालायचा नाही, हे भामाआत्याचं सांगणं होतं. "पोर शिकतेय तवर तिचं पाय कोरडं ठेवा," असं आत्या आपल्या भावाला, म्हणजे मालूच्या बापाला, दरडावून सांगायची. आत्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी तिचा शब्द मोडायची घरात कुणाची छाती नव्हती.

पनवेलच्या खाडीकाठी मीठ पिकायला अजून अवकाश होता. हे दिवस तुडवणीचे. भरतीचं पाणी वाफ्यात घेण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून सारवलेल्या अंगणासारखा घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ काळं निघतं. बायका एका ओळीत उभ्या राहून एकमेकींच्या कमरेला हात घालायच्या आणि सगळ्यांचे पाय एकदम पडायचे. चपक्-चपक्, मग थोडं थांबून चपक्. हा ताल मालू पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

तुडवणीत फावडीचं काम नसतं. फावडी मीठ ओढायची. लांब बांबू आणि त्याच्या टोकाला आडवी फळी. तरीही प्रत्येक बाई सकाळी आपली फावडी घेऊन येई आणि कचेरीसमोरच्या आडव्या वाशाला टेकवून उभी करी. उभी फावडी म्हणजे बाई खाजणात, त्या खाऱ्या चिखलात, उतरली. संध्याकाळी वर आली की ती आपली फावडी स्वतःच्या हाताने आडवी टाकी, म्हणजे ती घरी गेली. चिखलाने माखलेल्या बायका लांबून सारख्याच दिसतात, म्हणून मुकादम दाजी बायकांकडे बघतच नसे. तो फावड्या बघे.

मेलेल्या बाईची फावडी दुसरी कुणी वापरत नाही. ती कचेरीच्या गच्चीवर आडवी टाकून ठेवतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत परतीच्या पावसाची वीज खाजणात पडली होती. आभाळ भरून येताना पहिल्यांदा आत्यानेच पाहिलं. अशा वेळी ती डोक्यावरचा पदर काढून हवेत गोल फिरवायची आणि ओरडायची. तिने सगळ्या बायकांना काठावर लावलं, हौसाला तर ढकलतच पुढे काढलं आणि स्वतः शेवटी निघाली. ती काठापर्यंत आली नाही.

तेव्हापासून आई चिखलात उतरली की मालूला आभाळाची भीती वाटे. ती बोलून दाखवत नसे. ती काहीच बोलून दाखवत नसे.

२

हायस्कुलातले शास्त्राचे दिनानाथ सर एका सकाळी सायकलवर खोकं बांधून मिठागरावर आले. खोक्यात विजेची चाहूल देणारी घंटा होती. ती त्यांनी स्वतः जुळवली होती आणि कचेरीवर बसवायला मालकांची परवानगीही आणली होती.

"मास्तर," दाजी म्हणाला, "ही घंटी वीज बघून वाजनार? हिचं डोलं कुठं हायत?"

"डोळे नाहीत, दाजी. कान म्हणा हवं तर." सरांनी एक काचेची नळी उजेडात धरली. आत लोखंडाचा कीस होता. "वीज लांब कुठे चमकली, तरी हवेतून तिचा धक्का इथपर्यंत येतो. तो गच्चीवरची तार पकडेल. हा कीस एकमेकाला चिकटेल, प्रवाह सुरू होईल आणि घंटा वाजेल. घंटेचाच टोला परत नळीवर बसेल. कीस सुटा होईल. की पुढच्या विजेला तयार."

"आमच्या सूनबाईवानी हाय की. टोला बसला की तयार."

बायका हसल्या. मालूला हसू आलं, पण ते तिने तोंडावर धरलेल्या हातात लपवलं.

तार उंच धरायला बांबू हवा होता. दाजी म्हणाला, बांबू मोजके आहेत, बांधाला लागतील. सर शिडीने वर गेले आणि वरूनच ओरडले, "राहू द्या, इथे एक पडलाय!" मालू तारेचं भेंडोळं घेऊन त्यांच्यामागे चढली तेव्हा त्यांनी बांबू कठड्याला घट्ट बांधलाही होता. फळी खाली, दांडा वर. दांड्यावर, हाताची पकड येते तिथे, हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून आत्या ती गुंडाळायची.

मालूने तोंड उघडलं. पण सर वारा अंगावर घेत एवढ्या आनंदाने तार ओढत होते की शब्द ओठांतच राहिला. खाली उतरल्यावर कठड्याआडून चिंधी दिसत नव्हती, फळीही दिसत नव्हती. नुसता एक बांबू दिसत होता.

मग चाचणी झाली. सर ठिणगी पाडायची पेटी घेऊन बांधावरून लांब गेले. तिकडे पेटीत चट् झालं की इकडे कचेरीत घंटा टण् वाजे. जनी नावाची आईची जोडीदारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर तिकरं चिमटा कारतंय न् ही हिकरं वरडतंय!"

दाजीने घंटा ठेवून घेतली, पण अट घातली. "खरी वाजली तर देव पावला. पन उगाच वाजून माज्या बायांना काठावर आनलं, तर मी ही खाडीत टाकनार. मोठ्या भरतीच्या आत तळ बसला पायजे."

घंटेपाशी बसायचं काम सरांनी मालूला दिलं. वाजली की बाहेर जाऊन पत्र्याचा डबा बडवायचा, लाल फडकं हलवायचं. "तू कमी बोलतेस," सर म्हणाले, "म्हणजे ऐकशील नीट."

मालूला इतकं बरं वाटलं की ती आभार मानायचंही विसरली.

३

पहिले काही दिवस घंटा शहाण्यासारखी वागली. एका दुपारी ती वाजली. मालूने डबा बडवला, बायका कुरकुरत वर आल्या आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यामागून गडगडत पावसाची सर आली. जनीने मालूच्या गालांवरून चिखलाची बोटं उतरवून कडाकडा मोडली. दाजीनेही आपल्या डब्यातला चिवडा तिच्यापुढे केला. त्या रात्री मालूला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

मग एकदा भर दुपारी, आभाळात ढगाची चिंधीही नसताना, घंटा वाजली. टण्-टण्, मग थोडं थांबून टण्.

मालू उठली आणि थबकली. वीज अशी पडत नाही. वीज कधीही पडते, हवी तशी पडते. ही घंटा तालात वाजत होती. दारातून तिने बाहेर पाहिलं. खाजणात बायकांची ओळ तुडवत होती आणि पाय पडला की टण् होत होतं. बायका भाकरीसाठी थांबल्या. घंटाही थांबली.

तोवर दाजीने ती ऐकली होती. त्याने बायकांना वर बोलावलं, त्या निळ्या आभाळाकडे बघत बसल्या आणि अर्धा वाफा तसाच वाळत राहिला. दाजी संतापला. सरांना निरोप गेला.

सरांनी येऊन सगळं तपासलं. "इतक्या बायका एकदम पाय आपटतात," ते म्हणाले, "त्याने जमीन हादरत असणार. कीस हलतो. नळी जरा सैल बसलीय." मालूला ते पटलं. तिला ते पटायला हवंच होतं.

पण दुसऱ्या दिवशी ती कचेरीत एकटी बसली होती तेव्हा तिला तो आवाज वेगळाच ऐकू आला. घंटा गप्प होती. बाहेरून, लांबून, बायकांचा ताल येत होता. आणि तोच ताल डोक्यावरूनही येत होता. चपक्-चपक्. चपक्. ओल्या चिखलात पाय पडावा आणि सुटावा तसा.

प्रतिध्वनी असेल, तिने मनाशी म्हटलं. पण प्रतिध्वनी मागून येतो. हा बरोबरीने येत होता.

जेवणाच्या सुट्टीत ती धीर करून शिडी चढली. गच्चीवर कुणी नव्हतं. चुना उन्हाने तापून पांढराफटक झाला होता आणि सगळीकडे पावसाळ्यानंतरची बारीक माती साचलेली होती. बांबूभोवती मात्र ती सुटी नव्हती. तिथे ती बसवलेली होती. दाबून, सारखी करून, कुठे भेग नाही की उंचवटा नाही, जसा आईच्या हातचा वाफा. मालूने चिंधीला बोट लावलं. एवढ्या उन्हात ती ओली होती.

ती खाली आली आणि घंटेपाशी पाय पोटाशी घेऊन बसली. आईला सांगावं असं फार वाटलं. पण सांगायचं काय? गच्चीवर माती दाबलेली आहे?

दुपारी घंटा पुन्हा तालात वाजली, सरांना पुन्हा बोलावणं गेलं आणि दाजीने हात जोडले. "बस झालं, मास्तर."

सरांनी गयावया केली. शेवटी असं ठरलं की ते नळी शाळेत नेऊन नीट करून आणतील. तोवर घंटा मुकी राहील. "आनि पोरी, तू," दाजीने मालूकडे बोट केलं, "घंटी नसताना डबा वाजला, तर मास्तर पन बंद न् तू पन बंद. समजलं?"

मालूने मान हलवली.

४

दुसऱ्या दिवशी घंटेच्या खोक्यात नळीची जागा रिकामी होती. मालू तरी येऊन बसली. घरी बसून आईची वाट बघण्यापेक्षा हे बरं होतं.

दुपार कलली होती. खाजणाच्या पार मधल्या वाफ्यात बायका तुडवत होत्या. आभाळ धुतल्या ताटासारखं होतं. वर ताल चालू होता आणि मालू, तिचं तिलाच नवल वाटलं, आता त्याला फारशी भीत नव्हती. कुणीतरी काम करतंय. करू दे. घरात रात्री आई भांडी घासत असली की झोप लागते, तसं काहीसं तिला वाटत होतं.

मग वरचा ताल थांबला.

मालूने मान वर केली. बाहेर बायका तुडवतच होत्या. चपक्-चपक्, चपक्. वर काही नव्हतं. आणि मग छतावरून पावलं धावली. ओली, जड, घाईची, बांबूपासून खाजणाकडच्या कठड्यापर्यंत.

मालू दारात आली. कर्नाळ्याच्या सुळक्याला लागून पंज्याएवढा एक ढग होता, बाकी सगळीकडे ऊन. एवढ्याशा ढगासाठी डबा बडवायचा? आणि दाजीला काय सांगायचं, घंटा वाजली नाही, पण गच्चीवर कुणीतरी तुडवायचं थांबलं? सरांचं इतक्या दिवसांचं काम जाईल. परत कुणी तिचं ऐकणार नाही. आणि ज्या दिवशी खरंच वीज येईल, त्या दिवशी आईला काठावर कोण बोलावेल?

तिने डबा उचलला.

आयुष्यात कधी काही बडवलं नसेल इतक्या जोराने ती तो बडवू लागली. दाजी मागच्या गोदामातून धावत आला. "अगो ए! येड लागलं काय तुला?" ती थांबली नाही. पण डोंगराकडून गार वारा सुटला होता, तोंडावर येत होता आणि आवाज मागे ढकलत होता. खाजणात कुणी मान वळवली नाही. ती ओरडली, "आई!" तो आवाज तर तिच्याच कानामागे गेला.

सूर्य तिच्या पाठीशी, कचेरीच्या मागे होता. कचेरीची सावली तिच्या पायांवरून पुढे बांधावर पसरली होती. गच्चीच्या कठड्याची सरळ रेघ, तिच्यावर बांबूची काठी. आणि बांबूला लागून, रेघेच्या अगदी टोकाशी, आणखी एक सावली होती. कासोटा मारलेली. एक हात वर. त्या हातात कापड होतं आणि ते गोल, मोठं गोल, फिरत होतं.

लाल फडकं असेल. वाऱ्याने उडून वर अडकलं असेल. मालूने खाली पाहिलं. लाल फडकं तिच्याच खांद्यावर होतं.

तिने वर पाहिलं नाही. मान वर करायचं तिला सुचलं नाही असं नाही. ती सावलीकडे बघत डबा बडवत राहिली, आणि दोघींचा हात बरोबरीने चालला.

खाजणातली ओळ थांबली. एकीने कचेरीकडे हात केला. मग ओळ तुटली आणि बायका काठाकडे पळत सुटल्या. हौसा सगळ्यांत मागे होती, तिचा पाय रुतत होता. मालूने डबा टाकला आणि बांधावरून तिच्याकडे धावली. आईचा चिखलाने माखलेला हात तिच्या हातात आला, तिने तो ओढला, आणि त्या दोघी कचेरीच्या सावलीत पोचतात न पोचतात तोच सगळं पांढरं झालं.

आवाज नंतर आला. तो आवाज मालूला कानाने नाही, दातांनी ऐकू आला.

मधल्या वाफ्यात, जिथे ओळ होती तिथे, चिखलातून वाफ निघत होती. वर ऊन तसंच होतं.

५

जनी रडत होती आणि हसत होती. दाजी डोकं धरून खाली बसला होता. हौसाने मालूला पोटाशी धरलं होतं आणि तिची पाठ चिखलाने भरली होती.

"मालूबाय," जनी डोळे पुसत म्हणाली, "तू गच्चीवर चरून पदर फिरवलास ना, म्हनून वाचलो गो. डबा-बिबा काय आयकू आला नाय."

"मी खालीच होते," मालू म्हणाली.

"काय बोलतंस! आमी सगल्यांनी बघितलं. पदर असा गोल..."

जनी बोलता बोलता थांबली. ती मालूच्या अंगाकडे बघत होती. मालूने परकर-पोलकं घातलं होतं.

हौसाचा हात मालूच्या पाठीवर थांबला. मग तिने हळूच वर, बांबूकडे पाहिलं. "दाजी," ती म्हणाली, "मास्तरानं ता बांबू कुठनं घेतला?"

दाजी शिडी चढून वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "भामाची फावडी हाय," तो म्हणाला. "मास्तरानं उबी केलेन. त्याला काय ठावं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "उबी केलेन म्हनजे ती आली कामाला."

सूर्य खाडीवर टेकला. बायका एकेक करून वाशापाशी गेल्या आणि आपापली फावडी आडवी टाकून पाय धुवायला निघाल्या. मालू ते बघत होती. ती हे रोज बघायची. आज तिला एकदम कळलं, की ज्या दिवशी सरांनी ती फावडी उभी केली, त्या दिवसापासून ती कुणी आडवी टाकलेली नाही. सगळ्या रोज घरी गेल्या. एकीला कुणी सुट्टी दिली नाही.

"मी जाते वर," ती म्हणाली.

दाजी काही बोलणार होता. हौसाने त्याला हाताने थांबवलं. "जाऊ दे तिला. भाची हाय तिची."

शिडीच्या पायऱ्या कोरड्या होत्या. गच्चीवर उजेड पिवळा झाला होता. मालू बांबूसमोर उभी राहिली आणि नेहमीसारखी बोलायला अडखळली. शाळेत उत्तर येत असूनही अडखळायची तशी. तिने डोळे मिटले.

"आत्या," ती मोठ्याने म्हणाली, "सांज झाली. सगळ्या काठावर आल्या. आई पण आली." मग आवाज फुटला, तरी ती बोलत राहिली. "तू होतीस म्हणून आली. आता तू पण घरी जा."

तिने दोरी सोडली आणि फावडी अलगद आडवी ठेवली. चिंधी ओली होती, आणि कुणी नुकताच हात काढावा तशी उबदार.

खाली उतरताना शिडीची प्रत्येक पायरी पायाखाली निसरडी लागली. चिखल होता. ताजा.

ती घरच्या वाटेवर सगळ्यांच्या मागून चालली. तिच्याही मागून पाण्यात पाय पडल्यासारखा आवाज गावाच्या विहिरीपर्यंत आला. मालूने मागे पाहिलं नाही, पण ती हळू चालली, मागच्याला गाठता यावं म्हणून.

६

सकाळी दिनानाथ सर नळी घेऊन आले. काल काय झालं ते दाजीने त्यांना अर्धंच सांगितलं. घंटा आता कायम राहील एवढं मात्र त्याने स्पष्ट सांगितलं. फावडीबद्दल हौसाने सांगितलं. सर ओशाळले. त्यांनी आपल्या पैशाने नवा बांबू आणून देतो म्हटलं.

"नको," हौसा म्हणाली. "भामाचं भामाला ठरवू दे."

मालू एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी-सुकट घेऊन वर चढली. राहायचंय की जायचंय, हे आत्याला विचारायचं तिने ठरवलं होतं. काय शब्दांत विचारायचं तेही रात्री पडल्या पडल्या जुळवून ठेवलं होतं.

फावडी उभी होती. दोरी कठड्याला बांधलेली होती, सरांच्या गाठीने नव्हे. मिठाच्या गोणीचं तोंड आवळतात तशा गाठीने.

मालूच्या अंगावर काटा आला होता आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदमच. तिने तांब्या आणि भाकरी बांबूच्या पायाशी, त्या घट्ट बसवलेल्या मातीवर ठेवली, हात जोडले आणि खाली आली.

"सांजच्याला आडवी करायला विसरू नको," आई चिखलात उतरता उतरता म्हणाली.

सरांनी नळी बसवली. मालू घंटेपाशी बसली. थोड्या वेळाने खाजणात ताल सुरू झाला. मग वरही. सर चमकून छताकडे बघू लागले.

"काही नाही, सर," मालू म्हणाली. सरांशी तिने न विचारता बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. "वरचा ताल थांबला, तर सांगा मला."

तिने पाय पोटाशी घेतले. ते कोरडे होते.